पेडल पोचट लागतंय

शुक्रवारी दुपारी माझी बायको शालन एका जुन्या फोर-व्हील गाडीच्या ड्रायव्हर सीटवर बसली होती आणि मी त्याच गाडीच्या मागच्या चाकापाशी फरशीवर आडवा होतो. आम्ही दोघांनी मिळून केलेलं हे शेवटचं काम. त्यात विशेष काही नव्हतं. शारजाच्या इंडस्ट्रियल एरियात माझं गॅरेज आहे, हल्ली शुक्रवारी कामगार सुट्टीवर असतात, आणि ब्रेकमधली हवा काढायला दोन माणसं लागतात.

"दाब," मी खालून म्हणायचो.

"दाबलं."

"धर."

"धरलं."

मग मी चाकामागचा निपल, म्हणजे हवा सोडायचा बारीक पोकळ स्क्रू, पान्याने जरासा सैल करायचो. ब्रेक ऑइलची चिळकांडी बाटलीत उडायची. बुडबुडे असले तर त्यात दिसायचे. निपल आवळला की, "सोड."

"सोडलं."

पुन्हा दाब, पुन्हा धर. बुडबुडे येत होते, मग बारीक झाले, मग थांबले. मी पाना खाली ठेवला. वरून ती म्हणाली, "अहो, अजून पोचट लागतंय."

"हवा संपली, शालन. एक बुडबुडा नाही बाटलीत."

"तुम्हाला दिसत नसेल. माझ्या पायाला लागतंय ना."

"तुझ्या पायाला भूक लागलीय."

"भूक तुम्हाला लागलीय. डबा उघडायला निमित्त शोधताय."

ते खरंच होतं. आम्ही केबिनमध्ये एसी लावून बसलो आणि जेवलो. ज्वारीची भाकरी, मेथी, शेंगदाण्याची चटणी. कांदा तिने मुठीने फोडला. जेवताना म्हणाली, "उद्या शांतपणे बघा. पण त्या पोराला अशी गाडी देऊ नका."

"देत नाही," मी म्हणालो.

घरी गेलो. चहा झाला. मग ती म्हणाली, पाठीत दुखतंय, आणि हात दुखतोय. दिवस मावळताना मगरिबची बांग झाली तेव्हा आम्ही दवाखान्याच्या दारात होतो. रात्रीची इशाची बांग व्हायच्या आत ती गेली होती. याच्यापुढे त्या संध्याकाळचं मी काही लिहिणार नाही.

इथल्या मराठी मंडळाच्या लोकांनी दिवाळी अंकासाठी अनुभव लिहा म्हणून सांगितलं. मी सातवी शिकलेला माणूस, कराडजवळच्या एका ट्रक गॅरेजात हात काळे करून इथे आलो. कधी आलो, कुठे कुठे राहिलो, व्हिसा देणारा कफील कोण होता, हे सगळ्यांचं सारखंच असतं, ते वाचून कुणाला काय मिळणार? मला ब्रेक कळतो. ब्रेकचंच लिहितो.

ज्यांना गाडी फक्त चालवता येते त्यांच्यासाठी आधी सांगतो. तुम्ही पायाने पेडल दाबता. पेडल पुढच्या बाजूला एका नळकांड्यात दट्ट्या ढकलतं. त्याला आम्ही मास्टर म्हणतो. मास्टरमधलं ऑइल बारीक पाइपांतून चारी चाकांकडे जातं आणि तिथे ब्रेक आवळतं. ऑइल दाबून लहान होत नाही, म्हणून तुमच्या पायाचा जोर जसाच्या तसा चाकापर्यंत पोचतो. हवा मात्र दबते. सायकलच्या पंपाचं तोंड अंगठ्याने बंद करून दांडा दाबून बघा. दबतो आणि परत वर येतो. ब्रेकच्या पाइपात तेवढी हवा अडकली की तुमचा जोर त्या हवेला दाबण्यात जातो, चाकाला काही मिळत नाही. पेडल स्पंजासारखं लागतं. शालन त्याला पोचट म्हणायची. शेंग वरून भरलेली दिसते, दाबली की आत दाणा नसतो, तसं पोचट.

गिऱ्हाईक येतं आणि म्हणतं, "अंकल, ब्रेक थोडा सॉफ्ट आहे." थोडा सॉफ्ट असं काही नसतं. ब्रेक लागतो नाहीतर लागत नाही. आज थोडा सॉफ्ट असतो तो डोंगर उतरताना, ऑइल तापल्यावर, तळाला जातो.

शालन या कामात कशी आली ते सांगतो. आधी माझ्याकडे पेडल दाबायला गुलझार होता. गुलझार पेशावरकडचा, माझ्याकडे अजून आहे, माणूस सोन्यासारखा. पण तो पेडल दाबतो की विंचू मारतो हे कळत नाही. नव्या गाडीला ते चालतं. जुन्या गाडीच्या मास्टरमध्ये रबराचे वायसर असतात, ते वर्षानुवर्षं अर्ध्या वाटेतच पुढे-मागे फिरतात. पुढची अर्धी वाट वापरात नसते, तिथे गंज बसतो, कचरा साठतो. कुणी पेडल एकदम तळापर्यंत हाणलं की ते रबर त्या गंजावरून घासत जातं आणि कापलं जातं. म्हणजे हवा काढायला बसलो आणि चांगला मास्टर घालवून उठलो. गुलझारच्या पायाने माझे असे किती मास्टर गेले ते तो आणि मीच जाणतो. त्याला सांगितलं तर म्हणायचा, "उस्ताद, ब्रेक है, इससे डरना क्या?"

एका शुक्रवारी गिऱ्हाईक दारात बसलेलं, गुलझार नमाजला गेलेला आणि शालन डबा घेऊन आलेली. मी म्हटलं, बस वर, मी सांगेन तसा पाय दे. ती घरी पायाच्या शिलाई मशीनवर ब्लाउज शिवायची, साड्यांना फॉल लावायची. त्या मशीनने तिचा पाय तयार झाला होता. हळू सुरू करायचं, एकसारखं दाबायचं, नेमकं थांबायचं. तिने पहिल्याच वेळी पेडल अर्ध्यात आणून धरलं आणि विचारलं, "इथं कापडाखाली काहीतरी जाड आल्यासारखं लागतंय, पुढं दाबू?" मी म्हटलं, नको, तिथेच धर.

त्यानंतर तिचा शुक्रवार ठरून गेला. मंडळातल्या बायका चिडवायच्या, "शालनताईंचा पदर पैठणीचा आणि चप्पल ऑइलची." ती म्हणायची, "तुमच्या नवऱ्यांना सांगा एकदा ऑफिसात न्यायला, काय काम करतात ते तरी कळेल."

पेडल पोचट असण्याची कारणं पुष्कळ. एक सांगतो, कारण त्यात आम्ही दोघंही वेडे व्हायची वेळ आली होती. अल धैदच्या बाजूला एक म्हातारा बदू, वाळवंटातला अरब, राहतो, बू सालेम. उंट पाळतो. त्याच्या गाडीला पुढे दुसरीकडे कुठेतरी नवे कॅलिपर बसवलेले, तेव्हापासून पेडल पोचट. कॅलिपर म्हणजे डिस्कला दोन्हीकडून धरणारा पंजा. आम्ही हवा काढली, ऑइल बदललं, पुन्हा काढली. शालनचा पाय दुखायला लागला. बू सालेम शेजारी उकिडवा बसून माळ ओढत होता आणि दर थोड्या वेळाने विचारत होता, "खलास?" मी म्हणायचो, "इन्शाल्ला." तो म्हणायचा, "इन्शाल्ला म्हणायचं काम माझं, तू तुझं सांग."

शेवटी मी हात पुसले, लांब जाऊन उभा राहिलो आणि नुसतं चाकाकडे बघितलं. निपल खालच्या बाजूला होता. हवा वर जाते, म्हणून निपल नेहमी वर पाहिजे. बसवणाऱ्याने डावा कॅलिपर उजवीकडे आणि उजवा डावीकडे लावला होता. दोन्ही हुबेहूब बसतात, ब्रेकही लागतो, फक्त वरची हवा जन्मात निघत नाही. अदलाबदल केली आणि पेडल दगडासारखं झालं. पुढच्या आठवड्यात बू सालेम उंटाच्या दुधाचा कॅन घेऊन आला, "मॅडमच्या पायाला." शालनने हौसेने त्याचं दही लावलं. उंटाच्या दुधाचं दही काही लागत नाही. विरजण दोनदा बदललं, भांडं गोधडीत गुंडाळलं. दही नाहीच. बरेच दिवस ती उंटांवर चिडून होती.

दुसरा एक माणूस सांगायलाच पाहिजे. जुन्या गाड्या विकायचा. त्याच्या गाडीचं पेडल खालपर्यंत जात होतं. मी सांगितलं, मागची सगळी लाइन बदलायला लागेल. तो हसला. म्हणाला, "मामा, एवढं कशाला? मागचा होस पाइप चिमटून टाका. पेडल कडक लागेल. गिऱ्हाईक एक चक्कर मारेल, पैसे देईल, खलास." खरं आहे, मागचा पाइप बंद केला की पेडल कडक लागतं. मागच्या चाकांना ब्रेक मात्र राहत नाही. त्याने टेबलावर नोटा ठेवल्या.

मी काही बोलायच्या आत शालन गाडीतून उतरली. तिने विचारलं, "भाऊ, गाडी घ्यायला कोण येणार आहे?"

"अल ऐनची एक फॅमिली आहे, वहिनी. पोराबाळांची माणसं आहेत, गाडी मोठी पाहिजे त्यांना."

ती माझ्याकडे वळली. "अहो, यांची गाडी बाहेर काढा. चालवू नका, ढकला. आपल्या दारातून ही असल्या ब्रेकवर जायला नको."

मी आणि गुलझारने गाडी ढकलत नेली आणि रस्त्याच्या पलीकडे उन्हात उभी केली. तो मागून ओरडत होता, "यू पीपल आर मॅड." गुलझारने त्याच्या नोटा त्याच्या वायपरखाली खोचल्या. ती गाडी पुढे कुणी घेतली ते मला माहीत नाही. एवढं एक राहून गेलं, त्या अल ऐनच्या लोकांचा नंबर काढायला पाहिजे होता.

आता शुक्रवारच्या गाडीकडे येतो.

गाडी ओंकारची. ओंकार इथेच शारजात वाढला, दुबईत नोकरी करतो, रोजची ट्रॅफिक खातो. त्याला वाळवंटात जायचं वेड, म्हणून त्याने ही फोर-व्हील घेतली. वयाने ती त्याच्यापेक्षा मोठी आहे. आधीच्या मालकाने स्प्रिंगा बदलून ती चांगली वीतभर उंच केलेली आणि खालून सगळा काळा कोट मारलेला. ओंकारचे सासू-सासरे नाशिकहून आले होते. शनिवारी त्यांना, बायकोला आणि लहान मुलीला घेऊन तो जेबेल जैसच्या डोंगरावर जाणार होता. ज्यांनी तो घाट बघितलाय त्यांना सांगायला नको. चढताना इंजिन लागतं, उतरताना ब्रेक.

आधी दोन ठिकाणी दाखवून झालं होतं. एकाने मास्टर बदलला, दुसऱ्याने पॅड. पेडल तसंच. गुरुवारी मी पहिल्यापासून सुरू केलं. इंजिन बंद ठेवून पेडल पंप करून वर आणलं आणि पाय ठेवून थांबलो. हळूहळू खाली सरकलं असतं तर मास्टर गेला म्हणायचं. सरकलं नाही. मास्टर चांगला. चाकं जॅकवर घेऊन हलवून बघितली. बेरिंगमध्ये ढिलाई असली तर चाक डुलतं, पॅड मागे ढकलले जातात आणि पहिल्या दाबाला पेडल खाली जातं. डुलत नव्हती. मग पाइप एकेक करून चिमटले. तो गाड्या विकणारा लपवायला जे करायला सांगत होता तेच आम्ही शोधायला करतो. पुढचे चिमटले, पेडल पोचटच. मागचा चिमटला आणि पेडल कडक. म्हणजे दुखणं मागे. मागचे ड्रम उघडले, लायनर जुळवले, आतले सिलिंडर कोरडे, गळती नाही. उरली हवा. शुक्रवारी शालनला बसवून हवा काढली. ते वर लिहिलंच आहे.

शनिवारी सकाळी आमचं घर माणसांनी भरलं होतं. मुलगा विनय अबू धाबीला मोहम्मद बिन झायद सिटीत राहतो, तो संध्याकाळीच धावत आला होता. कागदपत्रं, सही-शिक्के, सगळं तोच बघत होता. शालन दवाखान्याच्या शवागारातच होती, स्मशानाची वेळ दुपारची मिळाली होती. शेजारच्या घरून चहा येत होता. प्रत्येक जण मला सांगत होता, बसा, तुम्ही काही करू नका. मी बसलो होतो. समोर तिचं शिलाई मशीन होतं आणि त्यावर कुणाचातरी अर्धा ब्लाउज.

फोन वाजला. ओंकार.

"काका, गुड मॉर्निंग. मी गाडी घ्यायला निघालोय. सगळे एकदम रेडी आहेत."

"गाडी झालेली नाही. घेऊ नकोस."

"काका, काल व्हॉट्सॲपवर तुम्ही म्हणालात ऑलमोस्ट झाली."

"ऑलमोस्ट म्हणजे नाही."

"मी हळू चालवीन ना. सासऱ्यांची संडे मॉर्निंगची फ्लाइट आहे, आजच जायला लागेल. डोंट वरी, माझ्याकडे सेकंड की आहे, तुम्ही यायची पण गरज नाही."

त्याला शालनचं माहीत नव्हतं. मी फोनवर सांगितलं नाही. सांगितलं असतं तर तो दुःखाने दोन शब्द बोलला असता आणि मला त्रास नको म्हणून गुपचूप गाडी घेऊन गेला असता. पोरगा चांगला आहे, म्हणून तसंच केलं असतं. गुलझारला फोन लावला, तो उचलेना. मी चप्पल घातली. दारात एक वहिनी म्हणाल्या, "भाऊ, कुठं निघालात? आज घराबाहेर पडू नये." मी म्हटलं, "येतो."

लोक मागाहून मला पुष्कळ बोलले. बायको तिकडे आणि हा गॅरेजात. बोलू देत. त्या सकाळी मला जमण्यासारखं तेवढं एकच काम होतं.

मी पोचलो तेव्हा गाडीचं इंजिन चालू होतं आणि ओंकार मागे बघत ती बाहेर काढत होता. मी मागच्या काचेवर थाप मारली आणि गाडीच्या मागेच उभा राहिलो. त्याने ब्रेक दाबला. गाडी थांबली, पण माझ्या गुडघ्याला लागून.

"काका, काय करताय? लागलं असतं."

"बघितलंस ना? आता उतर."

त्याने उतरून किल्ली माझ्या हातात दिली. गुलझार आतून धावत आला. त्याला कुणीतरी सांगितलं होतं. त्याने मला मिठी मारली आणि म्हणाला, "उस्ताद, भाभी चली गई और आप यहाँ? आप घर जाओ, गाडी हम देखेगा." मी म्हटलं, "गाडी लिफ्ट पे ले. यल्ला." त्याने गाडी लिफ्टवर घेतली. ओंकारला त्याने केबिनमध्ये नेलं. काचेतून मला दिसलं, गुलझार काहीतरी बोलला आणि ओंकार खुर्चीत मटकन बसला.

मी गाडीखाली उभा राहिलो. शालन म्हणाली होती पोचट आहे, म्हणजे हवा होती. चाकांपाशी नव्हती, म्हणजे वाटेत कुठेतरी होती. मी ठरवलं, डोळ्यांनी बघायचंच नाही. मास्टरपाशी पाइपावर बोट ठेवलं आणि तो संपेपर्यंत बोट उचलायचं नाही असं धरून मागे चालत गेलो. काळा कोट जाड होता, कुठे पाइप कुठे चॅसिस कळत नव्हतं. मागचा रबरी पाइप ओलांडून ॲक्सलवर आलो तिथे बोट एका ढेकळावर चढलं. मुठीएवढं ढेकूळ.

इथे सांगायला पाहिजे. अशा गाड्यांना तिथे एक व्हॉल्व्ह असतो. मागे माल भरला की मागच्या चाकांना ब्रेक जास्त द्यायचा, गाडी रिकामी असली की कमी, हे त्याचं काम. इथे लोक गाडी उंच करतात तेव्हा बहुतेक जण तो काढूनच टाकतात आणि सरळ पाइप जोडतात. एवढ्या वर्षांत मी उंच केलेल्या ज्या गाड्या हाताळल्या त्यांतल्या बहुतेकांना तो नव्हताच. मीही या गाडीला नसणार असं धरून चाललो होतो. होता. काळ्या कोटाखाली गाडला गेला होता. मी पत्र्याच्या पट्टीने खरवडलं, रॉकेलने पुसलं, आणि त्या व्हॉल्व्हच्या डोक्यावर त्याचा स्वतःचा निपल निघाला. पाच नंबर, चार चाकांच्या चार निपलांशिवायचा. त्याला कुणी कधी हात लावलाच नव्हता. सगळी हवा त्याच्या पोटात बसली होती.

तेवढ्यात विनय आला. पांढरा शर्ट, हातात कागदांची फाइल.

"बाबा, आर यू सीरियस? घरी सगळे विचारतायत तुम्ही कुठे आहात."

"इथे आहे."

"आई तिकडे... अँड यू आर फिक्सिंग अ कार."

"या गाडीत एक लहान पोर घाट उतरणार आहे. तुझ्या आईने काल मला सांगितलं, देऊ नका. मी देत नाही म्हणालो होतो. गाडीचा मालक आतमध्ये बसलाय. कधी ना कधी तो घेऊन जाईलच. मग आत्ताच नीट करून देतो."

"उद्या करा ना."

"उद्या मी काय अवस्थेत असेन मला माहीत नाही. आत्ता हात चालतायत. फाइल ठेव आणि वर बस."

गुलझारला बसवता आलं असतं, पेडलखाली लाकडाचा ठोकळा ठेवून. पण मुलगा समोर होता. मी गाडी खाली घेतली, तो ठोकळा पेडलखाली सारला आणि त्याला सांगितलं, लाकडापर्यंतच जायचं, हळू. तो बसला. सीट पुढे ओढलेली होती, शालनच्या पायाला जुळवलेली. त्याचे गुडघे स्टिअरिंगला लागत होते. त्याने सीटच्या खिट्टीला हात घातला आणि मागे घेतला. तसाच बसला.

मी फळीवर पाठ टेकून गाडीखाली सरकलो.

"दाब."

"ओके."

"धर."

"ओके, धरलंय."

निपल सैल केला. ऑइल आलंच नाही आधी, नुसती फसफस. मग ताक घुसळल्यासारखा फेस. बाटलीभर फेस. मी एवढी हवा एका जागी क्वचित बघितली असेल. आवळला, सोड म्हटलं, पुन्हा दाब म्हटलं. पुन्हा फेस. मग मोठे बुडबुडे, मग मोहरीएवढे, मग स्वच्छ ऑइल. पुढेही काही वेळा काढलं, मग चारी चाकांवर एकेकदा. विनय खाली बघत नव्हता, पण चुकत नव्हता. हळूहळू त्याचं 'ओके' बंद झालं आणि नुसता 'हं' यायला लागला.

"बाबा," तो म्हणाला, "हे वेगळं लागतंय. कडक झालंय."

"कुठे थांबतंय?"

"अर्ध्यात. पुढे जातच नाही."

"झालं मग. उतर."

"एक मिनिट."

मी थांबलो. मी चॅसिसकडे बघत पडून राहिलो. गाडी स्प्रिंगांवर बारीक हलत होती. ती हलायची थांबली तेव्हा मी बाहेर सरकलो.

चाचणी मीच घेतली, विनय शेजारी. शनिवारच्या सकाळी इंडस्ट्रियल एरियाचा मागचा रस्ता मोकळा असतो. गाडी पळवली आणि ब्रेक दाबला. गाडी सरळ रेषेत, नाक खाली घालून जागेवर उभी राहिली. विनयला पट्ट्याने धरलं. मागे कुणी नाही बघून मी तेच आणखी केलं, जास्त वेगाने. तसंच.

"आई दर शुक्रवारी हे करायची?" विनयने विचारलं.

"दर नाही. गाडी असली की."

"हर लेग्ज वुड हर्ट. मला आत्ताच दुखतंय."

"दुखायचे. घरी येऊन तेल लावायची. तुम्हाला सांगायची नाही."

गॅरेजात परतलो. ओंकार दारात उभा होता, डोळे लाल. तो वाकून माझ्या पाया पडायला लागला, मी खांद्याला धरून उभा केला.

"काका, आय डिडन्ट नो. आम्ही कॅन्सल करतो. मी घरी येतो तुमच्यासोबत, सगळे येतो."

"कशाला? गाडी झाली. सासू-सासऱ्यांना डोंगर दाखव."

"पण आज कसं..."

"आजच. दुसरं काय करणार मी या गाडीचं? ऐक. उतरताना खालच्या गिअरात उतर. सतत ब्रेकवर पाय टेकून ठेवू नकोस. दाबायचा, वेग कमी करायचा, सोडायचा. आणि पेडल जरा जरी मऊ लागलं तरी बाजूला घेऊन मला फोन. लाजू नकोस."

"हो, काका."

"गुलझार चहाचं विचारेल, बसू नकोस. नीघ."

तो गाडीत बसला. सीट मागे घेतली. गाडी शटरमधून बाहेर पडली आणि रस्त्याला लागली. मी दारात उभा राहून बघत होतो. विनय हातात फाइल घेऊन शेजारी उभा होता. रस्त्याच्या टोकाला पाण्याचा एक मोठा टँकर आडवा येत होता. ओंकारच्या गाडीचे मागचे लाल दिवे लागले. गाडी थांबली. टँकर निघून गेला, दिवे विझले, आणि गाडी उजवीकडे वळून दिसेनाशी झाली.

मी विनयला म्हटलं, "चल. आता आईकडे जाऊ."